दुसऱ्या हाताची परीक्षा : जालना जिल्ह्यातल्या कोरियन गाड्या

जालन्यात कुणी नवी मोटार दारात आणली की पेढा तोंडात टाकतानाच शेजारी विचारतो, "विकायला काढली तर किती येतील?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न अभद्र वाटेल, इथं तो व्यवहाराचा आहे. कापसाचा भाव, मोसंबीचा बहार आणि पाऊस या तिन्हींवर ज्याचं वर्ष चालतं, त्याच्या दारातली प्रत्येक वस्तू अडीनडीला मोडता आली पाहिजे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. अशा वर्षी घरातलं सोनं बाहेर काढण्याआधी माणूस गाडीकडे बघतो.

म्हणून कोरियन कंपन्यांच्या स्वस्त गाड्यांचा इथला अनुभव सांगायचा तर शोरूममधून सुरुवात करून भागत नाही. एमएच-२१ पाटीच्या ह्युंदाईच्या ज्या सँट्रो, आय-टेन आणि इऑन आज भोकरदन, परतूर, मंठ्याच्या रस्त्यांवर पळताहेत, त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या, तिसऱ्या, क्वचित चौथ्या मालकाच्या हाती आहेत. पहिल्या मालकाने जाहिरात बघून गाडी घेतली. पारख केली ती पुढच्यांनी.

एका देशाच्या दोन गाड्या

ह्युंदाईची भारतातली कंपनी मे १९९६ मध्ये स्थापन झाली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात कारखाना उभा राहिला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये सँट्रो आली. ९९९ सीसीचं इंजिन, ५५ अश्वशक्ती, कार्बोरेटरऐवजी एमपीएफआय, आणि किंमत तीन लाखांच्या घरात. रूप मात्र लोकांच्या गळी उतरेना. छप्पर उंच, नाक आखूड. शाहरुख खान जाहिरातीत आला तेव्हा कुठं लोक गाडीकडे नीट बघू लागले.

त्याच वर्षी देवू या दुसऱ्या कोरियन कंपनीने उत्तर प्रदेशातल्या सुरजपूरच्या कारखान्यातून मॅटिझ आणली. इटलीच्या जुजारो यांच्या इटालडिझाइनचं रेखाटन, गोल दिवे, देखणा चेहरा. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या असत्या तर दहातल्या आठांनी मॅटिझकडे बोट दाखवलं असतं.

पण १९९९ मध्ये देवू समूह कर्जाखाली कोसळला. २००२ मध्ये जनरल मोटर्सने देवूचा मोटार व्यवसाय विकत घेतला, त्यात भारतातला कारखाना नव्हता. इथल्या मॅटिझवाल्यांना कुणी वाली उरला नाही. गाडी चालू होती, पण सुटा भाग मागवायचा कुठून, हा प्रश्न सुटेना आणि जुन्या मॅटिझचा भाव पडला. तीच गाडी पुढं २००७ मध्ये शेवरोले स्पार्क या नावाने आली आणि २०१७ अखेर जनरल मोटर्सनेही भारतातली विक्री बंद केली. एकाच वाणाच्या गाडीने मालकांना दोनदा उघड्यावर पाडलं.

ह्युंदाईने हा धडा परदेशात आधीच घेतला होता. १९८६ मध्ये तिने अमेरिकेत एक्सेल नावाची स्वस्त गाडी नेली. ती खपली भरपूर, पण टिकाऊपणात नाव घालवून बसली. ते नाव परत मिळवायला कंपनीला १९९८ मध्ये इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षांची हमी द्यावी लागली. म्हणजे ज्या वर्षी सँट्रो भारतात आली, त्याच वर्षी हीच कंपनी अमेरिकेत 'विकल्यानंतर काय?' या प्रश्नाचं उत्तर देत होती. जालन्याच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न तरी वेगळा कुठं होता?

फेटा, ताडपत्री आणि मे महिना

सँट्रोच्या ज्या उंचीला लोक हसले, तीच इथं कामाला आली. फेटा बांधलेला म्हातारा मान न वाकवता आत बसतो. नऊवारीतली आजी सीटवर टेकते आणि पाय आत घेते, खाली घसरावं लागत नाही. गुडघे धरलेल्या माणसांना दवाखान्यात न्यायचं तर ही सोय मोठी. गावातली मोटार तशीही एकट्या मालकाची नसते. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं की चावी मागायला भावकी येते आणि गाडी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे निघते. त्या वेळी पाच जणांच्या गाडीत सात जण असतात.

दुसरा गुण एसीचा. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा हजार सीसीच्या इंजिनाने एसी ओढत अंबडचा रस्ता कापणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. एसी लावला की चढाला गाडी दमते, ही तक्रार मात्र सगळ्याच लहान गाड्यांसारखी इथंही होती. इऑनवाले आजही घाट दिसला की एसी बंद करतात. २०११ मध्ये २ लाख ६९ हजारांपासून मिळू लागलेल्या त्या गाडीचं इंजिन ८१४ सीसीचं. चार माणसं आणि डिकीत मोसंबीच्या दोन क्रेट भरल्यावर तिच्याकडून फार अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

तिसरी गोष्ट काळ्या मातीची. पावसाळ्यात वस्तीवरच्या वाटेला चिखल असा धरतो की चाकाच्या कमानीत माती घट्ट बसते आणि चाक फिरेना होतं. इथं ना सँट्रो चालते ना आय-टेन. गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून उभी करायची आणि घरी पायी जायचं, हा शेतवस्तीवरच्या मालकांचा जून ते सप्टेंबरचा रिवाज. क्रेटा, व्हेन्यू किंवा कियाच्या सेल्टोसकडे आज ओढा दिसतो त्यात मिरवण्याचा भाग आहेच, पण 'खाली घासत नाही' हे कारणही तितकंच खरं.

मिस्त्री सोबत हवा

जुनी गाडी बघायला इथं कुणी एकटा जात नाही. ओळखीचा मिस्त्री सोबत घेतात. मुरलेला मिस्त्री आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. इंजिन कोमट लागलं तर तो काही न बोलता चहा मागवतो, कारण विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवलेली असते आणि थंड इंजिनाचा खोकला त्याला ऐकायचा असतो. मग ऑइलचं झाकण उघडायचं. आत दुधाळ, चिकट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय, हेड गॅस्केट गेलं. रेडिएटरचं पाणी तांबूस असेल तर कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं. दाराचा रबर ओढून तो पत्र्यावरचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके बघतो. ठिपके बुजले असतील तर गाडी ठोकलेली आहे. स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवताना कटकट आली तर एक्सलचा खर्च, स्पीडब्रेकरवर खालून ठकठक आली तर लोअर आर्मचे बुश. शेवटी प्रश्न येतो टायमिंग बेल्टचा. सँट्रो आणि १.१ लिटरच्या आय-टेनला पट्टा आहे. तो वेळेत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, मग अर्धं इंजिन उघडावं लागतं. १.२ लिटरच्या कप्पा इंजिनाला साखळी असल्याने ती चिंता कमी, म्हणून तशाच आय-टेनला जुन्या बाजारात चार पैसे जास्त मिळतात.

आय-टेन आली ऑक्टोबर २००७ मध्ये. नोकरदार, शिक्षक, दुकानदार यांनी ती घेतली, जपून चालवली, आणि आज तीच दुसऱ्या हातात सर्वांत जास्त मागितली जाते. मात्र २०१०-११ च्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या. फेरनोंदणी, फिटनेस, हरित कर हे सगळं एकदम समोर येतं. फेरनोंदणीचं पाच हजारांचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारींना दहा हजार झालं. लाखाच्या आतल्या गाडीला हा बोजा जड आहे. शिवाय कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवलेला नसणं, जुन्या मालकाच्या नावाचे चलन, अर्धवट राहिलेलं नाव-हस्तांतरण, हे दुखणं इंजिनापेक्षा जास्त माणसांना छळतं.

उंदीर आणि उसाचं पेट्रोल

गाडीच्या माहितीपुस्तकात जे नसतं ते जालन्यात शिकायला मिळतं. कापूस साठवलेल्या शेडमध्ये गाडी लावली की उंदीर बॉनेटखाली घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटतात, इंजिन काही बोलत नाही. जुन्या सँट्रोत मिस्त्री वायरला वायर जोडून टेप गुंडाळत असे. आताच्या गाडीत तीच वायर एअरबॅगच्या किंवा एबीएसच्या सेन्सरला जाते, आणि ते काम टेपवर भागत नाही. म्हणून बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या, जाळी असे उपाय घरोघर चालतात.

पेट्रोलचा विषय निघाला की पारावरची चर्चा लांबते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. अॅव्हरेजमध्ये पडणारा फरक किरकोळ आहे, असं सरकार म्हणतं. पण २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्याच नव्हत्या, त्यामुळे पाइप आणि रबरी सील यांची तपासणी मिस्त्री आवर्जून करायला सांगतात. गंमत अशी की अंबड, घनसावंगीचा जो शेतकरी कारखान्याला ऊस घालतो, तोच पंपावर उभा राहून अॅव्हरेज पडल्याचं गाऱ्हाणं सांगतो. दोन्ही बाजूंनी त्याचं खरं आहे.

समृद्धीवर जुनी गाडी

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या दिशेने पूर्ण खुला झाला. जालन्याजवळ निधोन्याला चढायचं आणि ताशी १२० ची मुभा. पंधरा वर्षं राजूरचा गणपती आणि मोंढा एवढ्यावर फिरलेली आय-टेन एकाएकी नागपूरला निघाली. तापलेलं काँक्रीट, झिजलेले टायर आणि एका लयीत तासन् तास चालणारं इंजिन, या तिन्हींची सवय ना गाडीला होती ना चालवणाऱ्याला.

इथं स्वस्त गाडीची लंगडी बाजू उघडी पडते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या आय-टेनला प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले, २०१६ मध्ये इऑनलाही शून्य. दोष एकट्या कोरियन कंपनीचा नव्हता, त्या फेरीत इतरांच्या लहान गाड्याही नापास झाल्या. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्व गाड्यांत सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं. पण जुन्या बाजारातली गाडी जुन्याच हिशेबाची असते. अशी गाडी घेणाऱ्याने टायरचं वर्ष बघावं, ऐंशीच्या पुढं जाऊ नये आणि मागच्या सीटवरही पट्टा लावावा. हा सल्ला फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी मानत नाही.

पहिली गाडी आता कोणती?

२०१४ अखेर जुनी सँट्रो थांबली. २०१८ मध्ये नवी सँट्रो ३ लाख ९० हजारांच्या आत-बाहेर आली आणि २०२२ मध्ये तीही गेली. इऑन त्याआधीच बंद झाली होती. एक्स्टर जुलै २०२३ मध्ये आली ती सहा लाखांच्या उंबरठ्यावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा किमती थोड्या उतरल्या, तरी ह्युंदाईची सर्वांत स्वस्त गाडी आता साडेपाच लाखांच्या आसपास सुरू होते. आणि तळेगावचा जो कारखाना जनरल मोटर्सने सोडला, तो ह्युंदाईने घेतला. नवी व्हेन्यू तिथूनच निघते. म्हणजे आता महाराष्ट्रात बनलेली कोरियन गाडी जालन्याच्या दारात उभी राहील, फक्त ती पहिल्यांदा मोटार घेणाऱ्याची नसेल.

पहिल्यांदा गाडी घेणारा तर अजूनही दुचाकीवरून उतरून थेट जुन्या बाजारातच येतो. त्याच्यासाठी पुढची दहा वर्षं अवघड आहेत. सँट्रो आणि आय-टेन टिकल्या त्या गल्लीतल्या मिस्त्रीला उघडता आल्या म्हणून, आणि त्यांचे भाग तालुक्याच्या दुकानात मिळाले म्हणून. आजच्या व्हेन्यू-एक्स्टर २०३५ मध्ये तिसऱ्या हातात जातील, तेव्हा सेन्सर वाचणारं यंत्र परतूरच्या गॅरेजमध्ये असेल का, टच स्क्रीनचा भाग जाफराबादेत मिळेल का, यावर त्यांचा भाव ठरेल. कंपनीने नवी गाडी किती विकली याचे आकडे दर महिन्याला छापून येतात. इथल्या गिऱ्हाइकाला त्याच्याशी देणंघेणं नाही. दहा वर्षांनी ती दुरुस्त कोण करणार, एवढं जी कंपनी आज सांगेल तिच्याच गाडीला जालना उद्या भाव देईल.