कथेतल्या यंत्राचा विसरलेला हिशेब

विज्ञानकथेत एखादे अचाट यंत्र बहुधा एकाच कामासाठी येते. नायकाला वेळेवर पोहोचवायचे असते, नाहीतर अडलेले कथानक पुढे न्यायचे असते. काम झाले की लेखक ते बाजूला ठेवतो. कथेच्या जगात मात्र ते शिल्लक राहते, आणि चोर, व्यापारी, शेतकरी, सरकार हे सगळे त्याचा काय उपयोग करतील हा प्रश्न अनुत्तरित राहतो. हे निसटलेले परिणाम पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे ते यंत्र ओळखीच्या मुलखात आणून ठेवणे. इथे त्यासाठी भंडारा जिल्हा घेतला आहे.

‘स्टार ट्रेक’ या १९६६ साली सुरू झालेल्या अमेरिकी मालिकेने टेलिपोर्टेशन लोकप्रिय केले. दर भागात यान ग्रहावर उतरताना दाखवणे महाग पडत होते, म्हणून माणूस एका जागी अदृश्य करून दुसरीकडे प्रकट करण्याची युक्ती निघाली. निर्मात्यांची अडचण सुटली, पण भौतिकशास्त्राची सुरू झाली. पृथ्वीच्या परिवलनामुळे भंडाऱ्यात स्वस्थ उभा असलेला माणूसही सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. मुंबईतल्या माणसाचा वेग जवळजवळ तेवढाच असतो. फक्त पृथ्वी गोल असल्याने दोन्ही ठिकाणच्या पूर्व दिशांत जवळपास सात अंशांचा फरक पडतो. त्यामुळे मूळचा वेग कायम ठेवून भंडाऱ्याहून मुंबईत प्रकटलेला प्रवासी ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळेल. मुंबईहून भंडाऱ्यात येणारा तितक्याच वेगाने वर फेकला जाईल.

हा वेग शोषून घेण्याची सोय झाली, तरी समाजाचा प्रश्न उरतोच. महामार्गावरचे ढाबे आणि ट्रकवाहतूक संपेल, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत राहून मुंबईत नोकरी करता येईल आणि घराला कुलूप लावण्यात अर्थ उरणार नाही. लॅरी निव्हन यांनी ‘फ्लॅश क्राउड’ (१९७३) या कथेत असाच एक परिणाम रंगवला. कुठे गडबड झाल्याची बातमी लागताच हजारो बघे क्षणात तिथे जमतात आणि त्यांच्याबरोबर लुटारूही येतात.

कोणत्याही वस्तूची हुबेहूब प्रत काढणारे यंत्र वरकरणी अधिक निरुपद्रवी वाटते. भंडाऱ्याची जुनी ओळख पितळी भांड्यांची, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत आणि शेती मुख्यतः धानाची. यंत्राने भांडी, खनिज आणि तांदूळ फुकट मिळू लागले, तर भूक मिटेल. पण कारागीर, खाणकामगार आणि शेतकरी यांची मिळकतही त्याच दिवशी थांबेल. नोटांच्याही प्रती निघतील. जॉर्ज ओ. स्मिथ यांनी १९४५ सालच्या ‘पँडोराज मिलियन्स’ या कथेत चलन आणि व्यापार असेच कोसळलेले दाखवले. त्याहून गंभीर धोका शस्त्रांचा आहे. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत कडक बंदोबस्तात तयार होणारी स्फोटके मग कोणाच्याही घरी तयार होऊ शकतील.

जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत एक क्रिकेटपटू आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो. ही युक्ती शरीराच्या रसायनापर्यंत नेली, तर प्रश्न जेवणाचा होतो. सजीवांमधले ग्लुकोज ठरावीक बाजूच्या रचनेचे असते आणि ते पचवणारी विकरेही त्याच रचनेला जुळणारी. उलट्या झालेल्या माणसाची विकरेही उलटी होतील आणि भाताने भरलेले ताट समोर असूनही त्याचे पोषण होणार नाही. आर्थर सी. क्लार्क यांच्या ‘टेक्निकल एरर’ (१९४६) या कथेचा गाभा हाच आहे.

इतिहास बदलण्याच्या युक्तीचे परिणाम सर्वांत दूरवर जातात. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये नारळीकर १७६१ सालचा मराठ्यांचा काल्पनिक विजय सांगून थांबत नाहीत, त्या विजयानंतरची मुंबई कशी दिसेल हेही दाखवतात. हीच साखळी भंडाऱ्यापर्यंत ओढता येते. प्रत्यक्षात इंग्रजांनी १८५४ मध्ये, भंडारा ज्यात होता ते नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, जमिनीची मालकी मिळाली. १९५० च्या कायद्याने ती संपली आणि त्यांच्याकडचे गावोगावचे सिंचन तलाव सरकारकडे गेले. पानिपतचा निकाल फिरला असता, तर भंडाऱ्यातल्या तलावांची मालकी आणि देखभाल कोणाकडे राहिली असती, याचेही उत्तर बदलले असते.

परिणाम निसटण्याचे मुख्य कारण म्हणजे यंत्राकडे फक्त त्याच्या हेतूने पाहणे. वास्तवातही हे घडते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, ती सिंचनासाठी. पुढे अडलेल्या पाण्यात नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे येऊन साचू लागले आणि भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला.

म्हणून विज्ञानकथेतले कोणतेही यंत्र तीन प्रश्नांनी तपासता येते: त्याला लागणारी ऊर्जा आणि पदार्थ कुठून येतात, नायकाखेरीज ते आणखी कोणाच्या हाती पडेल आणि त्याच्यामुळे कोणाचे काम संपेल. लेखकाने प्रत्येक उत्तर कथेत लिहिण्याची गरज नसते. मात्र यंत्राला एखादी ठाम मर्यादा घातली, म्हणजे अंतराची, खर्चाची किंवा दुर्मीळ इंधनाची, तर बरेच परिणाम आपोआप आटोक्यात येतात. मर्यादा नको असेल, तर यंत्राने बदललेला समाजच कथेचा विषय करावा लागतो.