बागकाम : आधी हात, मग वही

पुण्यासारख्या शहरात, जेथे अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० साली स्थापन झाली आणि जिच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला आबालवृद्धांची रीघ लागते, तेथे झाडांविषयीच्या कुतूहलाचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रदर्शनातून हौसेने आणलेल्या गुलाबाच्या रोपाच्या महिना-दीड महिन्यात गच्चीवर नुसत्या काटक्या उरतात, हाही तितकाच सार्वत्रिक अनुभव आहे. अशा हौशी मंडळींसाठी सद्हेतूने योजलेले बागकामाचे कित्येक वर्ग व्याख्यानातच बरखास्त होतात. फळ्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांची कोष्टके उतरतात, वह्या भरतात आणि हात मात्र स्वच्छच घरी परततात. माझ्या मते नवशिक्यांच्या वर्गाचा शिरस्ता नेमका याच्या उलट हवा : प्रथम हात, मग डोळा, आणि कारणमीमांसा त्यानंतर.

पहिला तास पाण्याचा असावा. वरकरणी इतकी सोपी दिसणारी दुसरी क्रिया नाही, आणि कुंडीतल्या झाडांचा घात जेवढा तिच्यामुळे होतो तेवढा किडीमुळेही होत नसेल. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सदैव पाण्याने भरलेल्या राहिल्या म्हणजे मुळे गुदमरतात, कुजू लागतात, कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही म्हणून पाने मलूल होतात, आणि ती मलूल पाने पाहून कळवळलेला मालक आणखी एक तांब्या ओततो. हे सारे तोंडी सांगितले तर सगळे माना डोलावतात व दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. त्याऐवजी सारख्या आकाराच्या दोन कुंड्या, एक ओली आणि एक सुकी, प्रत्येकाला उचलून पाहायला लावाव्यात. मग दोन पेरांपर्यंत बोट मातीत खुपसायला सांगावे, आणि वरचा थर कोरडा असूनही आत ओल लागली, तर झारी खाली ठेवण्याचा हुकूम सोडावा. कचेरीतून सेवानिवृत्त झालेली मंडळी या तासाला जराशी अवघडतात. पण रोजकीर्द लिहिण्याची सवय अंगात मुरलेली असल्याने पाण्याच्या नोंदी पुढे तीच सर्वांत चोख ठेवतात.

मातीचा धडा लवकर आटोपता येतो. दख्खनची काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि मग पाणी कडेच्या फटीतून थेट खाली निसटून मुळांचा गोळा कोरडाच राहतो. म्हणून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट मिसळण्याची तजवीज करावी लागते. मिश्रण ओलसर करून मूठ आवळावी; मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. एवढी परीक्षा हाताला साधली की प्रमाणांच्या तक्त्यांचे फारसे अडत नाही.

पेरणीचा आरंभ मेथीपासून करावा, कारण ती चार-पाच दिवसांत वर येते आणि नवशिक्याला धीर देते. कोथिंबीर त्याच्या सबुरीची परीक्षा पाहते. धणा हे वस्तुतः फळ असून त्यात दोन बिया असतात. तो पाटावर हलकेच रगडून त्याची दोन अर्धुके वेगळी केली की उगवण बरी होते, आणि तरीही आठ-दहा दिवस मातीवर काहीच दिसत नाही. या मुदतीत वाफा उकरून पाहणाऱ्यांची संख्या थोडी नसते. धणे रगडण्याचे हे कसब वर्गातील एखाद्या आजींना आधीच अवगत असेल, तर शिक्षकाने खुशाल बाजूला होऊन त्यांच्या हाती पाट द्यावा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, जे पेशाने गणिताचे अध्यापक होते, त्यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे हाच मार्ग अनुसरला होता : प्रत्येकाने आपल्या जागेत प्रयोग करावा आणि एकमेकांच्या प्रयोगांवरून शिकावे.

परंतु ज्या धड्याने वर्गाला खरा रंग चढतो तो गुटी कलमाचा. पावसाळ्याच्या आरंभी डाळिंबाची किंवा लिंबाची पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडावी. धारदार चाकूने तिच्याभोवती सुमारे अडीच सेंटिमीटरांच्या अंतरावर दोन गोल काप घेऊन मधली साल बांगडीसारखी काढून टाकावी, आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडावा, तेथे भिजवून पिळलेले शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक लपेटावे आणि दोन्ही टोके सुतळीने घट्ट आवळावीत. सोललेली फांदी आता वाळणार, अशी सर्वांची खात्री असते. ती वाळत नाही. कारण मुळांकडून येणारे पाणी आतल्या लाकडातून चढते आणि ती वाट शाबूत असते, तर पानांनी सिद्ध केलेले अन्न सालीतून खाली उतरताना कापापाशी अडते, आणि त्या साठ्याच्या बळावर तेथे मुळे फुटतात. महिना-दीड महिन्यात ती प्लास्टिकमधून पांढरी दिसू लागतात. मग गुटीच्या खाली फांदी कापून रोप कुंडीत लावावे आणि काही दिवस सावलीत ठेवावे. हे स्पष्टीकरण चाकू हातात धरण्यापूर्वी दिले तर ते वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकासारखे नीरस वाटते. साल सोललेल्या माणसाला तेच ऐकण्याची विलक्षण ओढ असते.

म्हणूनच एका दिवसाच्या वर्गावर माझा विश्वास नाही. मुळे दिसण्याच्या सुमारास सर्वांना पुन्हा बोलवावे आणि फसलेल्या गुट्या आधी उघडाव्यात : कोठे तो थर न खरवडल्याने साल पुन्हा जुळलेली असते, कोठे सुतळी सैल राहून शेवाळ वाळलेले असते. शिकवणाऱ्यांतही एक अनुभवी माळीदादा हवेतच, कारण चाकू कोणत्या कोनात धरावा हे व्याख्यात्याला सांगता येते, पण ते दाखवावे माळ्यानेच. अडचण एवढीच, की दुसऱ्या खेपेला निम्मी मंडळी फिरकत नाहीत. तेव्हा शुल्कातील काही रक्कम अनामत म्हणून ठेवून घ्यावी आणि दुसऱ्या दिवसाच्या हजेरीनंतरच ती परत करावी.