बहिष्कृतांच्या बेटावर एक दिवस

परदेश प्रवासाची वर्णने वाचताना आम्हाला नेहमी वाटायचे, हे आपल्यासारख्याचे काम नव्हे. कारकुनाचा पगार, पतपेढीचे हप्ते, मुलीचे शिक्षण, यातून उरते किती? पण आमचा भाचा जर्मनीत एका कारखान्यात अभियंता आहे. पत्र्याच्या खोलीत अभ्यास करून वर आलेला पोरगा. त्याने २०२४ साली हट्टच धरला, "मामा, तुम्ही सगळे या आणि आजीला घेऊन या." निम्मा खर्च त्याने उचलला, निम्म्यासाठी आम्ही पतपेढीचे कर्ज काढले. अशा रीतीने सप्टेंबर महिन्यात आमच्या मातोश्री, आमची पत्नी, बारावीतली मुलगी आणि आम्ही असे चौघे जर्मनीला गेलो. तिथून भाच्याने आम्हाला आठवडाभर ग्रीस देशातील क्रीट बेटावर नेले.

क्रीट हे ग्रीसचे सर्वात मोठे बेट. भूमध्य समुद्रातील मोठ्या बेटांत त्याचा पाचवा क्रमांक लागतो. डोंगर, ऑलिव्हच्या बागा आणि निळा समुद्र. पण आज लिहायचे आहे ते क्रीटच्या कुशीतल्या एका लहानशा बेटाविषयी. त्याचे नाव स्पिनालोंगा. क्षेत्रफळ अवघे साडेआठ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने एकवीस एकर. गावाकडच्या एखाद्या बड्या शेतकऱ्याची जमीन याहून जास्त भरेल!

आयोस निकोलाओस नावाच्या बंदराच्या गावातून तिथे एका दिवसाची सहल निघते. बोट, माहिती सांगणाऱ्या बाई आणि दुपारचे जेवण, सगळे त्यात आले. सकाळी आमची बोट निघाली. मातोश्रींचे वय बहात्तर. समुद्रात बोटीत बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. आधी त्यांनी नातीचा हात घट्ट धरला होता. पाणी इतके स्वच्छ होते, की काठाजवळ तळाचे दगड मोजता यावेत. ते पाहता पाहता त्यांची भीती कधी गेली, हे त्यांनाही कळले नाही. वाटेत एलुंदाचा उपसागर लागतो. तिथे उथळ पाण्याखाली ओलूस नावाच्या प्राचीन नगराचे अवशेष बुडालेले आहेत. तासाभराने समोर पिवळसर दगडांचा, पाण्यातूनच उगवल्यासारखा एक किल्ला दिसू लागला. बोटीवरचे सारे प्रवासी फोटो काढायला उठले. दृश्यच तसे होते.

हा किल्ला व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५७९ मध्ये बांधायला घेतला. पुढे क्रीट बेट तुर्कांनी जिंकले, तरी हा किल्ला १७१५ पर्यंत त्यांच्या हाती लागला नाही. त्यानंतर तिथे मुस्लिम कुटुंबांचे गाव वसले. तुर्कांची सत्ता गेल्यावर तीही निघून गेली. सांगणाऱ्या बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि आमची मुलगी आजीला मराठीत सांगत होती. राजे, तोफा, लढाया हे आजीने अर्धवट ऐकले. पण पुढचे वाक्य सांगताना मुलगी जरा थांबली. म्हणाली, "आजी, मग १९०३ मध्ये सरकारने ठरवलं, की या बेटावर महारोगी ठेवायचे."

मातोश्रींनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या किल्ल्याकडे पाहत राहिल्या.

क्रीटमध्ये तोवर कुष्ठरोग्यांना गावाबाहेर वेगळ्या वस्त्यांत राहावे लागे. भीक मागून पोट भरावे लागे. १९०४ च्या ऑक्टोबरात पहिले २५१ रुग्ण या बेटावर आणून सोडले गेले. क्रीट १९१३ मध्ये ग्रीसमध्ये सामील झाल्यावर ग्रीसच्या इतर भागांतूनही रुग्ण येऊ लागले आणि संख्या चारशेच्या घरात गेली. एकदा आत गेलेला माणूस परत येणार नाही, असेच सगळे धरून चालत.

बेटावर शिरायला एक लांब, अंधारी, कमानीची वाट आहे. या दाराला दान्तेचे दार म्हणतात. दान्ते हा नरकाचे वर्णन करणारा इटलीचा कवी. त्या वाटेतून बाहेर पडले की ऊन डोळ्यांवर येते आणि समोर गावचा रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंना दगडी घरे, दुकाने, निळ्या-हिरव्या रंगाच्या खिडक्या. घरांचे नळ नाहीत, विहीर नाही. पावसाचे पाणी दगडी टाक्यांत साठवायचे. कपडे आणि पट्ट्या उकळून धुण्याचे धोबीघर आहे. आत येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तू निर्जंतुक करण्याची खोली आहे. रुग्णांच्या हातची नाणीसुद्धा निर्जंतुक करून मगच बाहेर जात. समोरच्या किनाऱ्यावर प्लाका नावाचे गाव आहे. मध्ये किलोमीटरभरही पाणी नाही. तिथल्या घरांतले दिवे रुग्णांना रोज रात्री दिसत असतील.

मातोश्री एका घराच्या उंबऱ्यावर बसल्या. आम्हाला वाटले, चालून थकल्या. पण ते नव्हते.

वाचकहो, इथे आम्हाला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे आजोळ यवतमाळ जिल्ह्यातले. मातोश्रींची धाकटी मावशी, म्हणजे आमची मावसआजी, हिला हा रोग झाला होता. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले. आपल्या वस्तीने काय केले? वस्तीच्या पलीकडे, नाल्याच्या काठाला तिला एक झोपडी बांधून दिली. आम्ही सुट्टीत आजोळी जायचो, तेव्हा आजी आमच्या हाती भाकरी देऊन पाठवायची. दगडावर ठेवायची आणि मागे सरकायचे, असा नियम होता. मावसआजी आम्ही लांब गेल्यावरच ती उचलायची. सायकलवरून दवाखान्याचा माणूस तिच्यासाठी गोळ्या घेऊन येई. गोळ्यांचा कोर्स संपला, रोग बरा झाला, तसे कागदही मिळाले. पण झोपडी हलली नाही. १९९४ मध्ये ती तिथेच गेली.

गावाने आपली वस्ती शिवेबाहेर ठेवली, हे आम्ही भाषणांतून शेकडो वेळा सांगितले आहे. आपल्या वस्तीने आपलेच एक माणूस नाल्यापलीकडे ठेवले, हे आम्ही कधी सांगितले नव्हते. भाकरी दगडावर ठेवून मागे सरकणारी मुले आम्हीच होतो.

थोड्या वेळाने मातोश्री उठल्या आणि आम्ही पुढे निघालो. बाईंनी आम्हाला एका तरुणाची हकीकत सांगितली. त्याचे नाव एपामिनोन्दास रेमुंदाकिस. अथेन्सला कायदा शिकणारा विद्यार्थी. रोग उघडकीला आल्यावर १९३६ मध्ये त्याला इथे पाठवण्यात आले. वय जेमतेम बावीस. इथे त्याने पाहिले, की माणसे मरणाची वाट पाहत बसली आहेत. त्याने रुग्णांची संघटना उभी केली. आम्ही आजारी आहोत, गुन्हेगार नाही, हा तिचा पाया. डॉक्टर, औषध, चांगली घरे, वेळेवर भत्ता यांसाठी तिने सरकारकडे मागण्या लावून धरल्या. आणि केवळ मागितले नाही, स्वतःही केले. घरांना चुना लागला, झाडे लावली गेली, शाळा सुरू झाली, चहा-कॉफीचे दुकान निघाले, नाटके होऊ लागली, जनित्रावर विजेचे दिवे लागले. लोकांनी लग्ने केली. मुले झाली, त्यांतली अनेक ठणठणीत होती. ज्या जागेला जगाने स्मशान समजले, तिथे या माणसांनी गाव वसवले.

आमची पत्नी वस्तीतल्या महिला मंडळाचे काम पाहते. ती म्हणाली, "आपल्याकडेही संघटनेशिवाय काय मिळालं?" खरे आहे. दया दाखवणारे येतात आणि जातात. माणसे एकत्र येऊन हक्क मागतात, तेव्हाच सरकार हलते. रेमुंदाकिस यांची दृष्टी पुढे रोगाने गेली, पण काम थांबले नाही. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेट सुटले ते औषधामुळे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला होता. हा शाप नाही, मागल्या जन्माचे पाप नाही, आईबापांकडून रक्तातून येणारा रोगही नाही, हे तेव्हाच कळले. पण गुण देणारे औषध १९४० नंतरच्या दशकात आले. ते स्पिनालोंगालाही पोचले आणि रुग्ण बरे होऊ लागले. १९५७ मध्ये वसाहत बंद झाली आणि उरलेल्यांना अथेन्सच्या रुग्णालयात हलवले. मात्र बेटावरचे धर्मगुरू, स्वतः निरोगी असूनही, १९६२ पर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या धर्मात मृत्यूनंतर पाच वर्षांपर्यंत ठरावीक दिवशी मृताचे स्मरण करतात. शेवटी मेलेल्यांचे तेवढे तरी कोणी करावे, म्हणून ते थांबले.

बेटाच्या एका टोकाला दफनभूमी आहे. सिमेंटच्या फरशांनी झाकलेल्या कबरींच्या रांगा. एकीवरही नाव नाही. समोर निळाशार समुद्र, वर लख्ख ऊन. मातोश्री तिथे हात जोडून उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "गोया खाऊन ते बरी झाली व्हती ना गा? मंग आपन तिले घरात काऊन नाही घेतलं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. वाचकहो, आजही देता येत नाही.

परतीच्या वाटेत बोट कोलोकिथाच्या खाडीत थांबते. तिथे लोक पोहतात, बोटीवरच भाजलेले मांस, सॅलड आणि पाव देतात. भाचा आणि मुलगी पाण्यात उतरली. मातोश्रींनी पावाचा तुकडा हातात घेतला आणि सुप्रबुद्धाची गोष्ट काढली. आपल्यापैकी अनेकांना ती माहीत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. राजगृहातला दरिद्री कुष्ठरोगी सुप्रबुद्ध लांबून गर्दी पाहतो. इथे अन्न वाटत असतील, काही पदरात पडेल, म्हणून तो जवळ येतो. पाहतो तर भगवान बुद्ध उपदेश करीत आहेत. तोही एका बाजूला बसतो. भगवंतांनी सभेवर नजर फिरवली आणि त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवूनच धम्म सांगितला. त्याला कोणी दगडापलीकडे बसवले नाही. ही गोष्ट आपण विहारात किती वेळा ऐकली! नाल्यापर्यंत मात्र ती नेली नाही.

आता थोडे कामाचे. कुष्ठरोगावरची बहुविध औषधे आपल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने किंवा एक वर्ष घेतली, की रोग बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याचा धोका उरत नाही. बहुसंख्य माणसांच्या अंगात या जंतूला रोखण्याची ताकद मुळातच असते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. उशीर झाला तरच बोटे वाकडी होतात, जखमा होतात. जगात दरवर्षी जे नवे रुग्ण सापडतात, त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या देशातले असतात. कायद्याचेही सांगतो. रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी अमलातला कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरण्याची तरतूद २०१९ मध्ये काढली गेली. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तिथे रुग्णांनी स्वतःच्या श्रमाने शेती आणि उद्योग उभे केले. म्हणजे औषध आहे, कायदा आहे, उदाहरणही घरचेच आहे. राहिला तो आपल्या मनातला नाला.

गावी परतल्यावर मातोश्रींनी एक गोष्ट केली. आजोळच्या वस्तीत मावसआजीच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. तीस वर्षे उशिरा! वंदना झाल्यावर आरोग्य केंद्राच्या ताईंनी चट्टे कसे ओळखायचे ते सांगितले आणि इच्छुकांची तपासणी केली. एका तरुण गवंड्याच्या पाठीवर बधिर चट्टा निघाला. औषध लगेच सुरू झाले. त्याची आई घाबरून विचारू लागली, याची वेगळी सोय कुठे करायची?

मातोश्रींनी तिला सांगितले, "कुठंच नाही बाई. घरातच. तुह्या ताटाच्या बाजूले त्याचं ताट मांड."

आज त्या मुलाचे औषध पूर्ण झाले आहे. तो कामावर जातो आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवायला बसतो.