मंगलोरी कौलाच्या पाठीवरचे नाव

कोकणातल्या जुन्या घराचे एखादे कौल उतरवून उलटे धरा. वरची बाजू शेवाळाने काळवंडलेली असते, पण पाठ अजून तांबडी. वरच्या टोकाला रिपेवर अडकणारे कान, आणि मधोमध साच्यातून उठलेली इंग्रजी अक्षरे: कारखान्याचे नाव आणि गाव. काही घरांत नशिबाने ‘बासेल मिशन टाइल वर्क्स’ आणि ‘1865’ असेही वाचायला मिळते. हे साल त्या कौलाच्या जन्माचे नव्हे, कारखान्याच्या जन्माचे. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत देवळे, शाळा, मामलेदार कचेऱ्या, खोतांची घरे आणि कुळांची घरे या एकाच तांबड्या छपराखाली आली. ते छपर ज्यांच्या हातून आले, त्यांच्याबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोललेले नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातून निघालेले मिशनरी 1834 मध्ये मंगळूरला उतरले. त्यांचे काम धर्मप्रसाराचे होते आणि ते त्यांनी केलेच, पण लवकरच त्यांच्यापुढे पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. जो माणूस ख्रिस्ती व्हायचा, त्याला जात सुटायची आणि जातीबरोबर कामही जायचे. कुळाची जमीन काढून घेतली जायची, घरचे दार बंद व्हायचे. दक्षिण कानडा आणि मलबारात मिशनकडे आलेल्यांत बिल्लव आणि तिय्य समाजाची माणसे पुष्कळ होती. माडाची ताडी काढणे हा त्यांतल्या अनेकांचा पिढीजात धंदा, आणि दारूशी जोडलेला धंदा मिशनला चालत नव्हता. म्हणजे जुने काम गेले आणि नवे कुठेच नाही. या माणसांना दानावर पोसायचे की कामाला लावायचे, यावर मिशनमध्ये बरीच चर्चा झाली. आधी छापखाना आणि विणकाम आले. विणकाम चांगले चालले. पण शेकड्याने माणसे सामावून घेईल असा उद्योग सापडला तो नदीकाठच्या मातीत.

नेत्रावती आणि गुरुपुरा या दोन नद्यांच्या काठी चिकणमातीचे मोठे साठे आहेत. जॉर्ज प्लेब्स्ट हा जर्मन माणूस मिशनच्या छापखान्याच्या कामासाठी आलेला, यंत्रांत रमणारा. त्याने युरोपात जाऊन भट्टीकाम समजून घेतले आणि 1865 मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात, नेत्रावतीच्या काठी, कौलांचा कारखाना उभा केला. एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाची कल्पना त्याची नव्हे. अल्सास प्रांतातल्या गिलार्डोनी बंधूंनी 1841 मध्येच तसे कौल काढले होते. प्लेब्स्टने ते इथल्या मातीत आणि इथल्या पावसात चालेल असे करून दाखवले. सुरुवातीला माती मळायला बैल होते आणि दिवसाकाठी 560 कौले निघत, अशी नोंद आहे. पुढे वाफेचे यंत्र आले, मग कालिकत, कुद्रोळी, माल्पे, कोडक्कल, पालघाट आणि फेरोक अशी एकेक ठिकाणी कारखान्यांची रांगच लागली.

कौल घडते कसे, ते जरा जवळून पाहू, कारण त्या कामातच तिथल्या लोकांचा दिवस होता. खणून आणलेली माती आधी ढीग घालून मुरवायची. मग पाणी घालून ती घाण्यातून काढायची, म्हणजे तिच्यातली हवा जाते आणि ती एकजीव होते. तिच्या सारख्या जाडीच्या लाद्या कापायच्या, त्यांना तेलाचा हात लावायचा आणि लादी साच्यात ठेवून दाब द्यायचा. वरचा साचा उचलला की खाली ओले कौल तयार असते. पन्हळ, कड, कान आणि पाठीवरचे नाव, सगळे एका दाबात उठलेले. कडेला आलेली जादा माती कापून काढायची आणि कौल लाकडी फळीवर घेऊन मांडणीत सुकायला ठेवायचे. हे कड कापण्याचे आणि वाहून नेण्याचे काम बहुतांशी बायका करत. ओले कौल हातात धरायचे तेही बेताने. बोट जरा जास्त दाबले तर तो खळगा भट्टीतून पक्का होऊन येतो. जुन्या कौलांवर कधी कधी अशी बोटाची खूण दिसते, आणि कारखान्याच्या नावापेक्षा मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

सुकवणे सावलीतच करायचे. उन्हात घाई केली तर कौल वाकते, आणि वाकलेले कौल शेजारच्यात बसत नाही. मग भट्टी. जळणाचे लाकूड घाटाच्या बाजूच्या रानातून यायचे. भाजल्यावर मातीतल्या लोहामुळे तांबडा रंग चढतो. भट्टीतून निघालेले कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. खणखणीत वाजले तर पहिल्या प्रतीचे, बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे.

या कारखान्यांभोवती वस्ती वसली. मिशनची घरे, चर्च, शाळा, दवाखाना जवळजवळ. कामाची वेळ ठरलेली, शिस्त कडक. आजारपणासाठी निधी होता, बचतीची सोय होती. त्या काळी हिंदुस्थानात मजुराला हे सहसा मिळत नसे. या व्यवस्थेवर टीका करायला जागा आहे आणि ती झालीही आहे. मालक, पाद्री आणि घरमालक एकच असला की कामगाराला नाही म्हणायला तोंड उरत नाही. पण एक गोष्ट कोणाला नाकारता येणार नाही. वेगवेगळ्या जातींची माणसे, पुढे ख्रिस्ती नसलेलीसुद्धा, एका छपराखाली एकाच मातीत हात घालून काम करू लागली. ज्या मुलखात अंतर राखून चालण्याचे नियम होते, तिथे हा बदल लहान नव्हता. माझ्या मते या उद्योगाचे खरे काम तेच.

नफ्याची वाट दिसल्यावर इतर मागे कसे राहतील? 1868 मध्ये पाणेमंगळूरला आल्बुकर्क यांनी कारखाना काढला; कौलांच्या धंद्यातला हा पहिला भारतीय मालक. हे मंगळूरचे कोंकणी बोलणारे ख्रिस्ती घराणे. त्या समाजाचे पूर्वज गोव्यातून दक्षिणेला गेलेले, आणि आता त्यांच्याच भट्टीची कौले उलट्या वाटेने गोव्यात आणि कोकणात येऊ लागली. 1900 च्या सुमारास मंगळूरच्या आसपास पंचवीसेक कारखाने होते. सरकारी इमारतींवर हीच कौले घालायची अशी पद्धत पडली, आणि ब्रह्मदेश, सिलोन, पूर्व आफ्रिका, अगदी ऑस्ट्रेलियापर्यंत माल गेला.

कोकणात ती आली शिडाच्या गलबतांतून. रस्ते नव्हते, बंदरे होती. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला व्हायचा आणि मग माल उतरायचा. बंदरातून घरापर्यंत बैलगाडी, आणि गाडीवाट संपली की डोकी. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने घडवलेले नळे होते. ते सुरेख, पण हलके आणि सैल. दर वर्षी पावसाआधी छपर चाळायला लागे, फुटके काढून नवे घालायला लागत. मंगलोरी कौल रिपेवर अडकते, शेजाऱ्याला धरून बसते आणि पाणी सरळ खाली सोडते. दोन-अडीच किलोचे एक कौल, त्यामुळे वारा ते सहजासहजी उचलत नाही. कोकणातल्या घरांची आतली उंची, वाशांची जाडी, छपराचा उतार हे सगळे या कौलाने बदलले. नळे घडवणाऱ्या आपल्या कुंभारांचे काम मात्र त्यामुळे कमी झाले, हेही तितकेच खरे.

1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि मिशनमधले जर्मन रातोरात शत्रू ठरले. त्यांतल्या अनेकांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत ठेवले. कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. पाटी बदलली, काम करणारे तेच राहिले. पण आता पाद्री आणि मालक वेगळे झाले होते. 1930 नंतरच्या वर्षांत कालिकत-फेरोकच्या कौल कामगारांच्या संघटना झाल्या, संप झाले. केरळच्या कामगार चळवळीची सुरुवात सांगताना कामगार नेते कृष्ण पिल्लै यांच्याबरोबर या कामगारांचाही उल्लेख होतो. दानातून सुरू झालेली गोष्ट हक्कापर्यंत आली ती अशी.

उतरती कळा स्लॅबने आणली. सिमेंट मिळू लागले, पैसे गाठीला आले की माणूस कौले उतरवून स्लॅब घालू लागला. जळण महागले. भातशेतीतली माती काढण्यावर निर्बंध आले. केरळने 2008 मध्ये भातजमिनी आणि पाणथळ जागा वाचवण्यासाठी कायदाच केला. तो कायदा योग्यच आहे, पण भट्ट्यांना मातीची चणचण वाढली. एकेक भट्टी थंडावत गेली. कोकणात वानरांनी त्यात भर घातली. कळप छपरावर उतरला की सकाळी दहा-वीस कौले फुटलेली, आणि ती बसवणारा माणूस मुंबईला. मग लोक पत्रे घालतात. मी त्यांना दोष देत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आले, तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडात छपरेच्या छपरे गेली. त्या पावसाळ्यात पत्रा आणि कौल दोन्ही मिळेना. ज्यांनी जुनी उतरवलेली कौले परसात रचून ठेवली होती, त्यांना त्याच आठवड्यात डोक्यावर छपर घालता आले.

तेव्हा घर पाडायला काढाल तर एवढे करा. कौले वरून फेकू नका, हातोहात उतरवा. वाजवून बघा, खणखणीत वाजणारे शंभर वर्षांचे कौलही अजून छपरावर जाऊ शकते. ती उभी, एकमेकांना टेकवून, जमिनीपासून थोडी वर रचा. गावात कोणाचे छपर गळत असेल, त्याला द्या. आणि रचण्यापूर्वी पाठीवरचे नाव वाचून एका वहीत लिहून ठेवा: कोणता कारखाना, कोणत्या घराचे, कोणत्या साली उतरवले. मंगळूरच्या त्या कामगारांची नावे आपल्याला कळणार नाहीत, पण त्यांचा माल कुठे कुठे पोचला याची नोंद आपल्या गावातून नक्की करता येईल.