गुणवान कोण, हे ठरविणारे कोण?

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला की 'सर्वांत मोलाचा खेळाडू' कोण, यावर दरवर्षी वाद रंगतो. 1931 पासून बेसबॉल लेखकांची संघटना मतदानाने हा पुरस्कार देते. 'मोलाचा' म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या नियमांत नाही. कुणी खेळाडूची वैयक्तिक आकडेवारी बघतो, कुणी संघाचा विजय. आमचा प्रश्न मात्र त्याही आधीचा आहे. ज्याला मैदानातच उतरू दिले नाही, त्याचे मोल कोणी मोजायचे?

1920 साली नेमलेले बेसबॉलचे पहिले आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस हे पेशाने न्यायाधीश. 1944 साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. या काळात मोठ्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियमही नव्हता. होता तो अलिखित बहिष्कार! आणि मोलाच्या खेळाडूच्या मानचिन्हावर नाव कोरले गेले ते याच न्यायाधीशाचे.

15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि 1949 साली त्यांनी नॅशनल लीगचा हा पुरस्कार जिंकला. 1949 ते 1959 या अकरा वर्षांत त्या लीगचा पुरस्कार नऊ वेळा कृष्णवर्णीय खेळाडूंनी पटकावला. कॅम्पानेला तीनदा, बँक्स दोनदा; शिवाय मेज, न्यूकम्ब आणि आरन. ही गुणवत्ता काय 1947 साली आकाशातून पडली? ती आधीही होतीच. दार तेवढे बंद होते.

त्या बंद दाराबाहेरच जॉश गिब्सन यांचे आयुष्य सरले. रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, अवघ्या 35व्या वर्षी ते वारले. 2024 साली कृष्णवर्णीयांच्या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत धरली गेली, तेव्हा कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉब यांना मागे टाकून गिब्सन पहिले ठरले. मतपत्रिकेवर मात्र त्यांचे नाव कधीच आले नव्हते.

लॅर्किन, पेंडल्टन, श्मिट या माजी विजेत्यांनी आवाज उठविल्यावर 2020 साली लँडिस यांचे नाव मानचिन्हावरून काढण्यात आले. त्या जागी गिब्सन यांचे नाव द्यावे, अशी मागणी पुढे आली. ती आम्हाला न्याय्य वाटते. 1947 पूर्वीचे विजेते खोटे होते, असे आमचे म्हणणे नाही. पण अर्ध्याच मैदानातून निवडलेल्यांना 'सर्वांत' मोलाचे म्हणता येत नाही. आधी दार उघडा, मग गुणवत्तेचा निवाडा करा!