लाल दिव्याच्या आधी

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसचा मुक्काम हलवून वेळापूरकडे निघते, तेव्हा या रस्त्यावरच्या गाड्या माणसाच्या चालीने चालतात. दिंड्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर, शिधा वाहणाऱ्या जीपा आणि त्यांच्यामागे खोळंबलेल्या कार. सगळ्या पहिल्या गिअरमध्ये. चालकाला वाटतं, गाडी हळू आहे म्हणजे इंजिन आरामात आहे. ऑइल पंपाची मात्र याच वेळी खरी परीक्षा असते. तेल तापून पातळ झालेलं असतं आणि पंप सगळ्यांत मंद फिरत असतो.

हा पंप सहसा कोणाला दिसत नाही. अनेक छोट्या कारमध्ये तो क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो; काही इंजिनांत तो चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात असतो आणि साखळीवर किंवा गिअरवर फिरतो. आत एकात एक बसलेले दोन रोटर असतात. आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी. त्यामुळे फिरताना दोघांमधली जागा एका बाजूला वाढते, तिथे तेल ओढलं जातं. दुसऱ्या बाजूला आक्रसते, तिथून ते फिल्टरकडे ढकललं जातं. दाब फार वाढला तर स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह जादा तेल मागे सोडतो. कारच्या चेंबरमधलं तीन-चार लिटर तेल इंजिन वेगात असताना एका मिनिटात कितीतरी फेऱ्या मारतं.

पंप तेल ढकलतो, दाब तयार होतो तो पुढच्या अरुंद वाटांमुळे. दुरुस्तीत सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो तो हे न समजल्यामुळे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. ती झिजून दुप्पट झाली, तर त्याच दाबाला तिच्यातून निसटणारं तेल दुप्पट नव्हे, साधारण आठपट होतं. मग चांगला पंपही पुरा पडत नाही. पंप बदलला जातो, दाब थोडा वाढल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांत क्रँकच खोलावा लागतो.

पंप स्वतःहून क्वचितच मरतो. त्याला मारतात ती शेजारची कारणं. माळशिरस तालुक्यात उसाच्या फडाकडे जाणाऱ्या वाटा दगडांच्या. कारचा चेंबर एकदा जोरात घासला की पत्रा आत दबतो आणि पंप जिच्यातून तेल ओढतो त्या जाळीला थेट टेकतो. तेल गळत नाही, म्हणून चालक निर्धास्त राहतो. पण पंपाचं तोंड अर्धं बंद झालेलं असतं. दुसरं कारण गाळ. तेल महिनोन् महिने न बदलल्याने तो साचतो आणि जाळीवर बसतो. तिसरं कारण गॅरेजमधलं: चेंबर बसवताना पॅकिंग पेस्ट सढळ हाताने लावली की तिचे तुकडे आत सुटतात आणि जाळीत जाऊन अडकतात. चौथं म्हणजे जाळीच्या नळीची जुनी, कडक झालेली ओ-रिंग. विहिरीवरची मोटार हवा ओढू लागली की पाणी सोडते, तसाच हा पंपही तेल सोडतो.

कंपनीच्या रचनेतही दोष असू शकतो. काही नव्या इंजिनांत पंप तेलात भिजलेल्या पट्ट्यावर चालतो. फोर्डने डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत एक लिटर इंजिनाच्या सुमारे 1 लाख 39 हजार फोकस आणि इकोस्पोर्ट परत बोलावल्या, त्या पंपाच्या पट्ट्याचा टेन्शनर तुटू शकतो म्हणून. त्यांतल्या इकोस्पोर्ट चेन्नईत बनलेल्या होत्या.

खुणा आधीपासून दिसतात. सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटचा टकटक आवाज क्षणात थांबायचा, तो लांबत जातो. लांबचा प्रवास करून गाडी थांबवली की ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की विझतो. वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला दिवा चमकला तर बहुधा तेलच कमी असतं. आधी तेल मोजायची पट्टी काढून पाहा. चढावर खालून जड ठोका ऐकू आला तर बेअरिंगपर्यंत बाब गेली आहे. टर्बो असलेल्या गाडीत अनेकदा आधी टर्बोच रडू लागतो.

दिवा मात्र उशिरा बोलतो. त्याचा स्विच साधारण पाव ते अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला लागतो. निरोगी इंजिन तापल्यावर उभ्या गाडीतही साधारण एक किलो दाब धरतं आणि मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना तीनच्या आसपास. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. म्हणून पंप बदलण्याआधी स्विच काढून त्या जागी साधं प्रेशर गेज लावायला सांगा. गेजवर दाब चांगला असेल, तर दोष स्विचचा किंवा वायरचा, आणि काम थोडक्यात उरकतं. दाब खरंच कमी असेल तर चेंबर उतरवावा, जाळी धुवावी, रिलीफ व्हॉल्व्ह अडकतो का ते पाहावं आणि रोटरची फट फीलर गेजने मोजावी. नवा पंप कोरडा बसवू नये. आत तेल भरून, नवी ओ-रिंग, नवं तेल आणि नवा फिल्टर घालूनच बसवावा.

दाब कमी आहे म्हणून जाड तेल ओतणं हा मला उपाय वाटत नाही. त्याने दिवा विझतो, झीज चालूच राहते. जुनी गाडी विकताना ही युक्ती वापरली जाते. गाडी घ्यायला जाल तेव्हा आधी किल्ली फिरवा: इंजिन सुरू होण्यापूर्वी लाल दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर तो बिघडलेला आहे किंवा कोणीतरी मुद्दाम तोडलेला आहे. मग गाडी अर्धा तास पळवून, तापलेल्या इंजिनावर पुन्हा दिव्याकडे पाहा.

आणि चालत्या गाडीत तो दिवा लागून राहिला, तर पुढच्या गावापर्यंत नेण्याचा विचार करू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा, तेल तपासा. पातळी ठीक असूनही दिवा विझत नसेल, तर गाडी ओढूनच गॅरेजला न्या.