नटापर्यंत हात पोचायला हवा

उसाचा हंगाम सुरू झाला की शेवगावच्या नेवासा रोडला, पैठण रोडला, गेवराईच्या वाटेला ट्रॅक्टरच्या गॅरेजवाल्यांना मान वर करायला सवड नसते. भेंड्याचा ज्ञानेश्वर, बोधेगावचा केदारेश्वर, पाथर्डीकडचा वृद्धेश्वर असे कारखाने चहूबाजूंनी चालू असतात आणि डबल ट्रॉली लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. इंजिनचं ऑइल साधारण 250 तासांनी बदला, असं बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. एरवी शेतीच्या कामात तेवढे तास भरायला कित्येक महिने जातात. ऊस वाहतुकीत दिवसाला बारा तास धरले तर तीन आठवड्यांत भरतात. म्हणजे चार महिन्यांच्या हंगामात पाच-सहा वेळा ऑइल बदली आलीच. जे काम इतक्यांदा करायचं आहे, ते यंत्रावरचं सगळ्यात सोपं काम असायला हवं. प्रत्यक्षात अनेक ट्रॅक्टरवर ते अवघड करून ठेवलेलं आहे. पुढे इंजिन बसलं की ठपका मात्र ड्रायव्हरवर येतो, त्याने हयगय केली म्हणून. माझं म्हणणं असं, की या हयगयीचा मोठा भाग ट्रॅक्टरच्या आराखड्याच्या कागदावरच ठरलेला असतो.

ऑइल बदली जवळून पाहिली तर हे पटतं. चेंबरच्या तळाला ड्रेन नट असतो. त्याच्या शेजारी कुठे एखादं ब्रॅकेट, कुठे स्टिअरिंगचा रॉड, आणि पुढे लोडर बसवला असेल तर त्याच्या सांगाड्याची पट्टी. रिंग पाना नटावर बसतो, पण पाव फेरासुद्धा फिरत नाही. मग मिस्तरी तोंडाचा पाना तिरपा घालतो, तो एक-दोनदा सटकतो आणि नटाचे कोपरे झिजतात. पुढच्या खेपेला त्याच नटावर छिन्नी-हातोडी चालते, त्याच्या पुढच्या खेपेला आटे जातात आणि चेंबर गळायला लागतं. ऑइल गरम असतानाच काढायचं असतं, कारण गरम ऑइल पातळ असतं आणि काजळी, बारीक कण सोबत घेऊन उतरतं. पण नटापर्यंत जायची वाट तापलेल्या लोखंडाला घासून जात असेल, तर माणूस इंजिन थंड व्हायची वाट बघणारच. थंड ऑइल संथ उतरतं, गाळ तळाला चिकटून राहतो आणि वर ओतलेलं नवं ऑइल पहिल्याच दिवशी काळं पडतं. फिल्टर आडवा बसवलेला असेल तर तो सैल करताच आतलं ऑइल सेल्फवर, वायरिंगवर, बेल्टवर ओघळतं. ते पुसायला फडक्याएवढीही जागा नसते. उरलेलं मातीत जिरतं, तेही कापसाच्या आणि उसाच्या काळ्या मातीत.

बदलीचं काम निदान गॅरेजमध्ये तरी होतं. खरी हानी होते ती रोज बघायच्या गोष्टींत. ऑइल बाथ एअर क्लीनर घ्या. धुळीच्या कामात त्याची वाटी रोज उघडून तेल आणि गाळ तपासायला सांगतात. वाटीची एक पकड समोर आणि दुसरी रेडिएटर नाहीतर बॅटरीच्या पेटीआड असेल, तर ती वाटी आठवडाच्या आठवडा उघडली जात नाही. गाळाने भरलेल्या वाटीत धूळ अडत नाही. ती आत जाऊन लायनर आणि रिंगा घासते, आणि ट्रॅक्टर ऑइल खायला लागल्यावरच मालकाला कळतं. मागच्या हाउसिंगमधल्या तेलाचंही तसंच. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक या सगळ्यांना मिळून एकच तेल असतं, आणि त्याची काडी सीटखाली किंवा पाइपांच्या जाळ्यात दडलेली असली की हायड्रॉलिक उचल धरेनाशी होईपर्यंत तिची कोणाला आठवण होत नाही. बॅटरीच्या पुढच्या कप्प्यांत पाणी भरलेलं आणि मागचे दोन कोरडे, हे दृश्य तर नेहमीचं. आता हाच ड्रायव्हर रेडिएटरचं पाणी सकाळी न चुकता बघतो, डिझेलच्या टाकीचं झाकण घट्ट लावतो, हात जातो त्या निप्पलला ग्रीस देतो. माणूस तोच, सकाळही तीच. आळस स्वभावात असता तर तो सगळीकडे सारखा दिसला असता. तो नेमका हात न पोचणाऱ्या जागांवरच दिसतो, याचा अर्थ त्याचं कारण त्या जागांत शोधायला हवं.

यावर पहिला आक्षेप येतो तो जागेचा. ट्रॅक्टर आटोपशीर हवा, पोट जमिनीपासून उंच हवं, त्यात 50 एचपीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी 2023 पासून ट्रेम-4चे धुराचे नियम लागू झाले आणि बोनेटखाली आणखी सामान आलं. अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण गर्दी वाढली म्हणून कोणी डिझेल भरायचं तोंड चाकामागे नेत नाही, कारण तिथे सोय पाहिली जातेच. म्हणजे प्रश्न कोणत्या भागाला आधी जागा द्यायची एवढाच आहे. जेसीबीसारख्या मातीकामाच्या यंत्रांसाठी आयएसओ 2860 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. देखभालीसाठी हात, डोकं, शरीर आत जायला उघडी जागा किमान केवढी हवी, याची मापं त्यात दिलेली आहेत. ती यंत्रंही धुळीतच चालतात आणि त्यांच्याही पोटात गर्दी असते. दुसरा आक्षेप किमतीचा. 1994 साली आलेली स्प्लेंडर ही काही महागडी गाडी नव्हती, तरी तिचा ड्रेन नट इंजिनच्या तळाला मोकळा आहे आणि ऑइलची काडी बाजूला हाताशी. एक पाना आणि एक पसरट भांडं असलं की वाडीवस्तीवरचा पोरगाही तिचं ऑइल बदलतो. ती गावोगाव इतकी वर्षं टिकली, यात या मोकळ्या नटाचा वाटा आहे असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे मालकाचं कामच नाही, सर्व्हिस सेंटरचं आहे, आणि नवी ऑइलं जास्त टिकतात. पण सेंटरमधल्या फिटरचा हातही माणसाचाच हात असतो. अर्ध्या तासाचं काम दीड तासावर गेलं की मजुरी मालक भरतो, आणि कारखान्याचा नंबर चुकतो तो वेगळाच. ऑइल दुप्पट टिकलं तरी त्याची पातळी सकाळी बघावीच लागते. उलट बदली लांबली की मधल्या काळात गळती वेळेवर दिसणं जास्त गरजेचं होतं. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, आणि त्याच्या पहिल्याच चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आहेत. माहिती आणि सुटे भाग मिळावेत, हा त्यामागचा भर योग्यच आहे. पण पुस्तिका हातात आली आणि पाना नटावर बसलाच नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या 48 क्रमांकाच्या नियमात, सुटा बल्ब तज्ज्ञाच्या मदतीवाचून आणि गाडीसोबतच्या हत्यारांपलीकडे खास हत्यार न वापरता बदलता आला पाहिजे, अशी अट आहे. बल्बसाठी जे लिहिता आलं ते ऑइलसाठीही लिहिता येईल. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते, तिथे पीटीओची ताकद, ओढशक्ती, हायड्रॉलिकची उचल मोजली जाते. त्याच अहवालात ऑइल आणि फिल्टर बदलायला लागलेली मिनिटं, लागलेले पाने आणि काढावे लागलेले इतर भाग अशा तीन ओळी ठळक छापल्या, तर कंपन्या त्या ओळींसाठीही चढाओढ करतील.

तोवर शेतकऱ्याच्या हाती एक वेळ असते, पैसे मोजण्याआधीची. बोनेट उघडून काडी स्वतः ओढून बघावी, क्लीनरची वाटी सोडवून परत लावून बघावी, ड्रेन नटावर रिंग पाना घालून तो किती फिरतो ते पाहावं. पुढे लोडर बसवायचा असेल तर त्याचा सांगाडा नट, काडी आणि फिल्टर यांतलं काय काय झाकतो, हे वेल्डिंगच्या आधी विचारावं. नंतर तो सांगाडा कोणी कापत नाही.